इलेक्ट्रिक गाडी घ्यायची की नाही? शोरूमला जायच्या आधी क्रमाने काय काय तपासायचं (इंदूरकरांसाठी)

आपल्या इंदूरात आता हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या भरपूर दिसतात, आणि लग्नकार्यात, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही चार लोक जमले की विषय निघतोच की आपणही घ्यावी का. घेतलेले बरेच जण खुश आहेत. जे नाहीत त्यांची कथा मात्र जवळपास सारखीच असते: आधी टेस्ट ड्राइव्ह, मग गाडी आवडली म्हणून बुकिंग, मग लोन, आणि गाडी दारात आल्यावर प्रश्न पडतो की हिला लावायची कुठे. म्हणजे आधी कळस मग पाया. गाडीत खोट नसते, क्रम चुकलेला असतो, म्हणून इथे सगळं क्रमानेच लिहिलंय आणि तुम्हीही त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्यावर उत्तर "नाही" आलं तर तिथेच थांबायचं, पुढचा टप्पा आवडीचा आहे म्हणून उडी मारायची नाही.

टप्पा १: आपलं रनिंग अंदाजाने नाही, आकड्याने काढा

कोणालाही विचारा रोज किती चालते गाडी, उत्तर येतं "होतात की चाळीस-पन्नास". खरं बघायला गेलं तर कुणाचं वीस निघतं आणि कुणाचं सत्तर. दोन गोष्टी करा. एक, जुन्या गाडीची सर्व्हिसिंगची बिलं काढा, प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग छापलेलं असतं, दोन-तीन वर्षांची बिलं लावली की महिन्याचं खरं सरासरी रनिंग समोर येतं. दुसरं, एक महिनाभर रोज रात्री ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा.

यातून तीन आकडे हवेत: महिन्याचं सरासरी, एका दिवसात सगळ्यात जास्त किती झालं, आणि वर्षातून किती दिवस १५० किमीच्या वर गेलात. तिसरा आकडा लोक काढतच नाहीत आणि नंतर तिथेच गाडं अडतं.

आपल्याकडचा हिशोब सोपा आहे. उज्जैन जाऊन-येऊन ११०, ओंकारेश्वर १६०, महेश्वर १८० च्या आसपास, पीथमपूरला रोज नोकरीला जाणाऱ्याचे साठ-सत्तर. हे सगळं आजच्या मधल्या साइजच्या ईव्हीत घरच्या चार्जिंगवर आरामात बसतं. भोपाळ एका बाजूने १९० च्या वर आहे, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल तर तिकडे कुठेतरी चार्ज करावंच लागणार. आठवड्यातून दोनदा भोपाळ करणाऱ्या माणसाने आणि वर्षातून दोनदा करणाऱ्या माणसाने एकच गाडी घ्यायचं कारण नाही.

तपासा: महिन्याचं रनिंग ५०० किमीच्या आत असेल तर पैसे वाचतील म्हणून ईव्ही घेऊ नका, ते वसूल व्हायला फार वर्षं लागतील (टप्पा ५ मध्ये गणित आहे). शांत चालते, गियर नाही, धूर नाही, म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, पण कारण स्वतःला स्पष्ट माहीत असू द्या.

टप्पा २: पार्किंग आणि प्लग, खरा निर्णय इथेच होतो

हा टप्पा सगळ्यात मोठा लिहिलाय कारण नव्वद टक्के डोकेदुखी इथली आहे.

*स्वतःचं घर, आत गाडी उभी राहते:* सुदामा नगरसारख्या भागात प्लॉटवर घर आहे, पोर्च आहे, तर तुमचं काम सोपं. फक्त वायरिंग तपासायचं.

*मल्टीत फ्लॅट:* इथे लोक म्हणतात "पार्किंगमध्ये एक बोर्ड आहे ना, लावू तिथे". तो बोर्ड कॉमन मीटरवर असतो, तुमची गाडी चार्ज होणार आणि बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये जाणार, पहिल्या महिन्यातच भांडण. सरळ रस्ता असा: मल्टीच्या समितीला लेखी अर्ज द्या की माझ्या स्वतःच्या मीटरपासून माझ्या ठरलेल्या पार्किंगपर्यंत केबल टाकायची आहे, केबल कुठून जाणार त्याचं साधं स्केच जोडा, पाईपातून जाईल, खर्च माझा, असं लिहा आणि एनओसी लेखी घ्या. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे, आणि त्याच वर्षी वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती झाली त्यात चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागायची सोयही दिली आहे. समितीत कोणी "असं चालत नाही" म्हणालं तर शांतपणे हे दाखवा, वाद घालायची गरज नाही, बहुतेक वेळा लोकांना आगीची भीती असते आणि ती भीती वायरिंग नीट करून घेतलं की जाते.

*राजवाडा, मल्हारगंज, इमली बाजारकडची जुनी घरं, किंवा किरायाचं घर:* गाडी गल्लीत उभी राहते, जागा ठरलेली नाही, वरच्या मजल्यावरून वायर सोडायची. हे करू नका. किरायाने राहत असाल तर मकानमालकाची लेखी परवानगी, आणि घर बदललं तर पुढच्या घरी प्लग मिळेल का हा प्रश्न आजच सोडवा. माझं मत अगदी स्पष्ट आहे: स्वतःचा प्लग नसेल आणि घरातली ही एकुलती गाडी असेल तर सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर ईव्ही घेऊ नका. ऑफिसात रोज चार्जिंग मिळत असेल तो एकच अपवाद, आणि तोही नोकरी बदलणार नसाल तर.

आता प्लग. बहुतेक गाड्यांबरोबर एक पोर्टेबल चार्जर येतो जो १५-१६ अँपियरच्या पॉवर प्लगला लागतो, साधारण तीन किलोवॅट ओढतो. लोकांना वाटतं गीझर चालतो तर गाडीही चालेल. गीझर पंधरा मिनिटं चालतो हो, गाडी सहा-आठ तास सलग तेवढाच करंट ओढते, फरक तिथे आहे. ढिला स्क्रू, पातळ वायर, जुना सॉकेट, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या तासाला उघडं पडतं.

वायरमनला बोलावून हे करून घ्या:

१. मीटरपासून चार्जिंग पॉइंटपर्यंत वेगळी लाइन. १६ अँपियरच्या पॉइंटला ४ चौरस मिलीमीटर तांब्याची वायर, ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) बसवायचा असेल तर किमान ६, अंतर जास्त असेल तर १०.

२. त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडतो तो स्विच) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडतो तो). हा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो, "नंतर लावू" चालणार नाही.

३. अर्थिंग. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायर कुठेच गेलेली नसते. ईव्हीचा चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून बसतो, चार्जच करत नाही. मल्टीमीटर लावून फेज ते अर्थिंग २३० च्या आसपास येतंय ना आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन व्होल्टच्या आत आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा. जास्त येत असेल तर नवा अर्थिंगचा खड्डा करून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मे महिन्यात परत एकदा मोजायचं.

४. ही लाइन इन्व्हर्टरवर जोडलेली नाही ना, हे विचारून घ्या. लाइट गेली आणि गाडी इन्व्हर्टरवरून ओढायला लागली तर इन्व्हर्टर बसेल.

मग गाडी यायच्या आधीच एक परीक्षा घ्या. त्या पॉइंटला दोन किलोवॅटचा हीटर तासभर चालवा. मग स्विच बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या पाठीला, पिनांच्या बुडाशी हाताची उलटी बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला, किंवा प्लास्टिकचा वास आला, किंवा सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला तर तो सॉकेट बदला, तिथे जाड इंडस्ट्रियल सॉकेट लावा आणि मागचे स्क्रू परत घट्ट करून घ्या. जिथे हीटर तासाभरात प्लग तापवतो तिथे गाडी रात्रभरात काय करेल त्याचा विचार करा.

सावधान: एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळलेली केबल, मल्टीप्लग, यातलं काहीही गाडीला लावायचं नाही. एक रात्रही नाही.

टप्पा ३: मंजूर लोड आणि बिल

वीज बिल हातात घ्या, त्यावर मंजूर भार किती किलोवॅट ते लिहिलेलं असतं. बऱ्याच घरांचा दोन-तीनच असतो. एक एसी दीड, गीझर दोन, गाडी तीन, म्हणजे साडेसहा झाले. स्मार्ट मीटर लागलेला असेल तर तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती ओढलं ते त्यात नोंदवलं जातं, लपत नाही. लोड वाढवायचा अर्ज आधी करा, झोन ऑफिसात किंवा वीज कंपनीच्या ॲपवर. वॉलबॉक्स लावणार असाल तर थ्री फेज लागेल का हे तिथेच विचारा. खरं सांगायचं तर रोज चाळीस-पन्नास किमी चालवणाऱ्याला वॉलबॉक्सची गरज नसते, चाळीस किमीला सहा-साडेसहा युनिट लागतात, साध्या पॉवर प्लगवर अडीच तासांत भरतात.

आता एक गोष्ट जी शोरूमवाला कधीच सांगत नाही. आपल्याकडे महिन्याला १५० युनिटच्या आत वापर असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. महिन्याला ९०० किमी गाडी चालली तर तीच दीडशेच्या आसपास युनिट खाते, म्हणजे ज्यांचं घर आज या सवलतीत बसतंय त्यांची सवलत जाणार, वर स्लॅब वाढणार, आणि फिक्स चार्जही. बिल फक्त गाडीपुरतं वाढत नाही, घराचंही वाढतं. अशा घरांनी वेगळ्या कनेक्शनचा हिशोब जरूर करून बघावा, वीज कंपनीच्या दरपत्रकात ई-वाहन चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. ज्यांचं बिल आधीच ३०० युनिटच्या वर आहे त्यांना हा प्रश्न नाही, त्यांनी सगळे कर धरून सात-आठ रुपये युनिट पकडावं.

छतावर सोलर लावायचा विचार असेल तर दोन्ही एकत्र ठरवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, एक किलोवॅट सरासरी दिवसाला चारेक युनिट देतो. लोक घराच्या वापरावर सोलरचा साइज ठरवून बसतात, मग वर्षभरात गाडी येते आणि सोलर कमी पडतं.

टप्पा ४: पुण्याची ट्रिप कागदावर करून बघा

इंदूरच्या मराठी घरांत हा टप्पा सोडून चालत नाही, कारण कुणाची बहीण पुण्यात, कुणाचा मुलगा हिंजवडीत, कुणाचं सासर नाशिकला. दिवाळीत गाडीनेच जायचं असतं, डबे, पिशव्या, आजी-आजोबा सगळं घेऊन.

उदाहरण ४५ युनिटच्या बॅटरीचं घेऊ. हायवेला, एसी चालू, चार माणसं, नव्वदच्या स्पीडने युनिटला सहा किमी धरा. पहिल्यांदा १०० वरून २० टक्क्यांवर येईपर्यंत ३६ युनिट, म्हणजे २१५ किमी. त्यानंतर प्रत्येक थांब्याला २० ते ८० टक्केच भरायचं, कारण ८० च्या वर फास्ट चार्जर इतका हळू होतो की तिथे बसण्यापेक्षा पुढे गेलेलं बरं. म्हणजे दर थांब्याला २७ युनिट, १६० किमी. सव्वासहाशेच्या आसपासच्या रस्त्याला तीन थांबे आले: पहिला शिरपूरच्या आसपास, दुसरा चांदवडकडे, तिसरा संगमनेरजवळ. एकेक थांबा पाऊण ते एक तास. त्यातले दोन तसेही जेवण-चहाला होणारच होते, पण तिसरा जास्तीचा आहे, ते घरच्यांना आधी सांगून ठेवा.

घाटाची लोकांना उगाच भीती वाटते. खलघाटला नर्मदेपासून मानपूरकडे वर यायचं म्हणजे साधारण चारशे मीटर चढ. भरलेल्या गाडीला एवढं वर उचलायला दोन-अडीच युनिट जास्तीचे लागतात, पंधरा किमीची रेंज गेली एवढंच, आणि जाताना हाच घाट उतरताना त्यातलं बरंचसं बॅटरीत परत आलेलं असतं. रेंज खरी खातो तो स्पीड. जी गाडी ८० ला युनिटला साडेसात किमी देते ती ११० ला साडेपाचवर येते. ही गोष्ट ज्याच्या अंगवळणी पडत नाही, ज्याला हायवेला ११० च्या खाली जमतच नाही, त्याने एक साइज मोठी बॅटरी घ्यावी नाहीतर पेट्रोल-डिझेलच ठेवावं.

आता मॅपवर चार्जर बघताना होणाऱ्या चुका:

- नकाशावर ठिपका आहे म्हणजे चार्जर चालू आहे असं नाही. प्लगशेअरसारख्या ॲपवर शेवटचा माणूस कधी चार्ज करून गेला ती तारीख बघा. महिनाभरात कोणी नोंद केली नसेल तर तो धरायचाच नाही.
- ६० किलोवॅट लिहिलेल्या बऱ्याच चार्जरना दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी तुम्हाला तीसच मिळतात.
- हॉटेलच्या आवारात "चार्जिंग पॉइंट" लिहिलेलं असतं आणि आत निघतो स्लो चार्जर. कार फास्ट चार्जिंगला सीसीएस-२ गन हवी, तोच फिल्टर लावा.
- प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. घरून निघायच्या आधी ॲप टाकून, लॉगिन करून, थोडे पैसे भरून ठेवा. सेंधव्याच्या पुढे घाटात मोबाइलची रेंज गेली की ओटीपी येत नाही.
- एका थांब्यावर एकच चार्जर धरून प्लॅन करू नका. पुढे पस्तीस-चाळीस किमीवर दुसरा हवा, आणि तिथपर्यंत जायचा चार्ज शिल्लक हवा.

तपासा: असा कागदावरचा प्लॅन तुमच्याकडून बनलाच नाही, किंवा बनला पण घरातल्या ज्येष्ठांना तो झेपणारा नाही, तर दोन मार्ग आहेत. वर्षातून दोन ट्रिप असतील तर भाड्याची गाडी किंवा रेल्वे, बाकी वर्ष ईव्ही. महिन्यातून दोन ट्रिप असतील तर ईव्ही दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नाही.

टप्पा ५: पैशांचं गणित, आणि जुन्या माहितीपासून सांभाळा

एक किमीचा खर्च काढा. समजा पेट्रोल १०६ रुपये लिटर, गावात १५ चा ॲव्हरेज, म्हणजे सात रुपये किमी. ईव्ही युनिटला सात किमी, त्यात चार्ज होताना दहा-बारा टक्के वाया जातात ते धरून, आठ रुपये युनिटने १.३० रुपये किमी. फरक साडेपाच-पावणेसहा रुपये. पण हे घरच्या चार्जिंगचं. बाहेरच्या फास्ट चार्जरला जीएसटी धरून वीस-पंचवीस रुपये युनिट पडतात, तिथे किमीला तीन-चार रुपये होतात आणि फरकही तीन-चार रुपयेच उरतो. सीएनजीवाल्यांनी तुलना पेट्रोलशी नाही, सीएनजीशीच करावी, तिथे फरक आणखी कमी निघतो.

मग त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ईव्ही किती महाग पडते ते ऑन-रोड किमतीत बघा. समजा तीन लाख. तीन लाख भागिले साडेपाच, म्हणजे साधारण ५५,००० किमी चालल्यावर पैसे वसूल. महिन्याला १,५०० किमीवाल्याचे तीन वर्षांत, ८०० वाल्याचे पावणेसहा वर्षांत, ४०० वाल्याचे अकरा वर्षांच्या पुढे. सर्व्हिसिंगमध्ये थोडे वाचतात, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, पण टायर लवकर झिजतात आणि महाग येतात, म्हणून मी ते एकमेकांत वजा करून टाकते.

ही माहिती जुनी झाली आहे, यावर हिशोब करू नका:

- लोनच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सूट, ८०ईईबी. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती. ओळखीतल्या एका काकांना बुकिंगच्या टेबलावर हीच सूट सांगून गणित पटवलं होतं, त्यांच्या सीएने वेळेवर सांगितलं म्हणून बरं.
- केंद्राची सबसिडी. फेम-२ मार्च २०२४ मध्ये संपली, आणि नंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये खाजगी कारला काही नाही.
- "पेट्रोल गाडीला २८ टक्के जीएसटी, ईव्हीला ५". २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. ईव्ही ५ वरच आहे, पण दोघांतलं अंतर आधीसारखं राहिलेलं नाही, म्हणून त्याआधीचे सगळे तुलनेचे व्हिडिओ बाजूला ठेवा.

राज्याच्या ई-वाहन धोरणातल्या टॅक्सच्या सवलती मुदतीच्या असतात, रजिस्ट्रेशनच्या दिवशी जे लागू असेल तेच खरं, म्हणून कोटेशनमध्ये रोड टॅक्सची ओळ वेगळी लिहून मागा. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीला ईव्हीसाठी १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त म्हणून ओन डॅमेजचा हप्ता मोठा येतो. कोटेशन दोन-तीन ठिकाणचं घ्या, आणि बॅटरी व चार्जर कव्हर होतो का ते शब्दशः विचारा, पावसाचं पाणी शिरण्यासकट.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या स्कीममध्ये गाडी स्वस्त दिसते. किमीचं भाडं, महिन्याला किमान किती किमीचे पैसे द्यावेच लागतात, आणि गाडी विकताना काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही नको. किमीला साडेतीन-चार रुपये भाडं आणि वर वीज, म्हणजे रोजच्या खर्चातली बचत बरीचशी तिथेच संपते.

टप्पा ६: आता गाडी निवडा

आता कुठे ब्रोशर उघडायचं. त्यावरची रेंज प्रयोगशाळेतल्या टेस्टची असते, तिच्या ६५-७० टक्के धरून चाला. टाटावाले स्वतःच सी-७५ म्हणून खरा-खरा आकडा देतात, नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या गाडीवर टेस्टची रेंज ४८९ आणि सी-७५ मात्र ३५० ते ३७५, यावरून अंतर लक्षात घ्या. बाकी कंपन्यांच्या आकड्यांनाही हीच कात्री लावा.

बॅटरीचा साइज टप्पा १ वरून ठरतो. सगळ्यात जास्त रनिंगच्या दिवसाला दीडने गुणा, तेवढी खरी रेंज हवी. पाच-सहा वर्षांनी बॅटरी थोडी उतरेल, मेमध्ये ४२-४३ डिग्रीत एसी जास्त खाईल, ते सगळं त्या दीडमध्ये आलं. उगाच त्याहून मोठी घेऊ नका, रोज जास्तीचं वजन ओढत फिराल.

बॅटरी थंड ठेवायला लिक्विड कूलिंग आहे का बघा, आपल्या उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात लागोपाठ फास्ट चार्ज करताना हाच फरक पडतो. केमिस्ट्री, म्हणजे बॅटरी कोणत्या प्रकारची, ते विचारा: एलएफपी असेल तर अधूनमधून १०० टक्के भरावीच लागते नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवायला लागते, एनएमसी असेल तर रोज ८० पर्यंतच. वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार, आणि दुसऱ्या मालकाला ती मिळते का, हे लेखी बघा. "लाइफटाइम" शब्द दिसला तर खालच्या बारीक अटी आधी वाचा.

आणि स्टेपनी. बऱ्याच ईव्हींत नसतेच, पंक्चर किट देतात. साइड वॉल फाटली तर किटचा उपयोग नाही. सेंधवा-शिरपूर करणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

टप्पा ७: टेस्ट ड्राइव्ह, शोरूमच्या चकरेपुरती नको

तासभर मागा. घरचे चौघे बसवा, एसी लावा, ट्रिप मीटर शून्य करा. आपल्या कॉलनीतले स्पीडब्रेकर, मग पलासियाची गर्दी, मग बायपासला लागून राऊपर्यंत. परत आल्यावर युनिटमागे किती किमी पडले तो आकडा फोटो काढून ठेवा, टप्पा ४ आणि ५ चं गणित त्यावर परत करा.

मागच्या सीटवर आई-बाबांना बसवून वीस मिनिटं राहू द्या. बॅटरी खाली असल्यामुळे फ्लोअर उंच असतो, गुडघे वर येतात, मांडीला आधार मिळत नाही. पाच मिनिटांत हे कळत नाही, नाशिकपर्यंत नक्की कळतं.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट: डीलरला सांगा की डेमो गाडी घरी आणा आणि माझ्या प्लगला लावून दाखवा. अर्धा तास चार्ज झाली पाहिजे, चार्जरवर हिरवा दिवा राहिला पाहिजे, एमसीबी पडता कामा नये, गाडीचं चार्जिंगचं झाकण ज्या बाजूला आहे तिथपर्यंत केबल पोचली पाहिजे. शेवटच्या मुद्द्यावर मल्टीतले कित्येक पार्किंग अडतात, गाडी उलटी लावावी लागते आणि मग दरवाजा खांबाला लागतो. डीलर तयार नसेल तर दुसऱ्या डीलरकडे जा, बुकिंगच्या आधी तुमचं ऐकलं जात नसेल तर नंतर काय ऐकणार.

टप्पा ८: बुकिंग, डिलिव्हरी आणि पहिला महिना

बुकिंग करायच्या आधी हातात काय हवं: प्लग तयार, मल्टीची एनओसी, लोड वाढवल्याची पावती, ऑन-रोड कोटेशन, इन्शुरन्सचं कोटेशन. यातलं एक जरी "होऊन जाईल" या सदरात असेल तर थांबा.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडी बनल्याचा महिना-वर्ष बघा, स्टॉकयार्डात खूप महिने उभी राहिलेली नको. पोर्टेबल चार्जर डिकीत आहे ना, १०० टक्के चार्जला दाखवणारी रेंज काय, फास्ट चार्जिंगचं झाकण उघडतं ना, ॲपमध्ये गाडी तुमच्या नावावर जोडली गेली ना, हे तिथेच करून घ्या. आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरीही विचारा कुठे आहे, कारण मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही छोटी बसली की गाडी चालू होत नाही, रिमोटने उघडतसुद्धा नाही. गाडी खूप दिवस उभी ठेवून गावी जाणार असाल तर मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा, आणि या छोटीचं काय करायचं ते मॅन्युअलमध्ये वाचून जा.

जमत असेल तर जुनी गाडी महिनाभर विकू नका. पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना दोन-तीनदा सॉकेट तपासा, बिल आल्यावर टप्पा ३ च्या अंदाजाशी ताडून बघा. पहिला बाहेरचा प्रवास उज्जैनचा करा, मग महेश्वरचा, आणि चार्ज भरपूर शिल्लक असतानाच एकदा मुद्दाम फास्ट चार्जरवर थांबून ॲप, गन, पेमेंट सगळं स्वतःच्या हाताने करून घ्या. पुण्याला त्यानंतरच निघा, आणि पहिल्या वेळी दिवाळीची गर्दी टाळून.